कुस्कोहून खाली

शारजात राहणारी मराठी माणसं जुलैच्या सुट्टीत आपापल्या गावी जातात. छाया दाबकेही लग्न होऊन इथे आल्यापासून दर उन्हाळ्यात न चुकता सांगलीला जात आली होती. २००२ साली मात्र तिच्या नवऱ्याने, अरुणने, पेरूची तिकिटं काढली, आणि तीही नेमकी तिच्या बहिणीच्या मुलीचं लग्न होतं त्याच आठवड्यातली.

अरुण हमरिया फ्री झोनमधल्या एका कारखान्यात प्रॉडक्शन मॅनेजर होता. तिथे इमारतींच्या काँक्रीटच्या भिंती, त्यांच्या भाषेत पॅनल, साच्यात ओतून तयार करत, यार्डात रचत आणि ट्रेलरवर घालून साइटवर पाठवत. दोन भिंतींमधला सांधा जरा जरी चुकला तरी अरुणला त्या दिवशी जेवण गोड लागत नसे. कॉलेजात असताना त्याने कुठल्याशा मासिकात इंका लोकांच्या दगडी भिंतींचे फोटो पाहिले होते. चुना नाही, सिमेंट नाही, तरी दोन दगडांच्या मध्ये सुरीचं पातं शिरत नाही. हे त्याच्या डोक्यात इतकं पक्कं बसलं होतं की नव्या इंजिनियरांना तो आधी त्या भिंतींचं सांगे आणि मग काम समजावी. यंदा रजा मंजूर झाली, व्हिसा मिळाला, आणि हे पुन्हा जमेल याची त्याला खात्री नव्हती.

छायाने विरोध केला नाही. फक्त एवढंच म्हणाली, की लग्नाला आपण नसणार हे ताईला तुम्हीच फोन करून कळवा. अरुणने कळवलं. ताई काय बोलली ते त्याने घरी सांगितलं नाही आणि छायानेही विचारलं नाही. मग बाहेर उन्हाने डांबर मऊ झालेलं असताना ती रोलाच्या बाजारात स्वेटर शोधत फिरली. दुकानदार म्हणाले, मॅडम, डिसेंबर में आना. पंधरा वर्षांची ईशानी, शारजातच जन्मलेली आणि मराठी पूर्ण समजत असूनही उत्तर इंग्रजीत देणारी, आईच्या मागेमागे हसत चालत होती.

दुबईहून ॲमस्टरडॅम, तिथून लिमा, आणि लिमाहून सकाळच्या विमानाने कुस्को. म्हणजे शारजाच्या खाडीकाठचा माणूस दोन दिवसांत अकरा हजार फुटांवर. हॉटेलात शिरताच, उंची बाधू नये म्हणून, हातात कोकाच्या पानांचा गरम चहा दिला. गाईड होती नेली नावाची, पस्तिशीतली, स्वच्छ इंग्रजी बोलणारी बाई. पहिला दिवस झोपून काढा, असं तिने बजावलं. अरुणने मान डोलावली आणि दुपारी सगळ्यांना घेऊन बाहेर पडला.

शहर छायाला आवडलं, हे तिला स्वतःशीसुद्धा लगेच कबूल करावंसं वाटलं नाही. दगडी गल्ल्या इतक्या अरुंद की समोरून गाडी आली तर भिंतीला पाठ लावून उभं राहावं लागे. घरांचा खालचा भाग इंकांचा, काळसर आणि जिथल्या तिथे बसलेला. वरचा भाग स्पॅनिश लोकांनी नंतर चढवलेला, पांढरा चुना आणि निळे सज्जे. सूर्याच्या देवळावर त्यांनी चर्च बांधलं होतं. नेलीने सांगितलं की पन्नास साली मोठा भूकंप झाला तेव्हा चर्चचा बराच भाग कोसळला आणि खालच्या जुन्या भिंती जागच्या हलल्या नाहीत. अरुण त्या भिंतीला गाल लावून फटीतून बघत होता. रात्री जेवताना त्याने सूप बाजूला सारलं. विमानातलं खाणं बाधलं असेल, म्हणाला. तिने पिशवीतला भडंग पुढे केला, तोही त्याला नको होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते साक्सायवामानला गेले. शहराच्या डोक्यावरच्या टेकडीवर तो जुना किल्ला आहे. खोलीएवढे दगड एकमेकांत बसवून रचलेल्या, करवतीच्या दात्यांसारख्या वळणावळणाच्या तीन भिंती. ऊन कडक आणि वारा बोचरा. अरुण सगळ्यात मोठ्या दगडापाशी गेला, त्यावर तळवा टेकवला आणि बराच वेळ तसाच उभा राहिला. छायाला वाटलं, इतक्या वर्षांची इच्छा आहे, राहू दे उभं. तिने कॅमेरा काढला.

मग तो वळून तिला म्हणाला, "हा पॅनल कोणी पास केला? यल्ला, चला, परत यार्डात पाठवा."

ईशानी हसली. "बाबा, दॅट्स सो लेम," म्हणाली. पण अरुण हसत नव्हता. तो छायाकडे बघत होता आणि ती कोण आहे हे त्याला कळत नव्हतं. त्याने पुन्हा तेच सांगितलं, या वेळी चिडून, आणि चालू लागला. सपाट गवतावर त्याचे पाय असे पडत होते की जणू बोटीवर चालतोय. छायाने कॅमेरा ईशानीच्या हातात कोंबला आणि धावत जाऊन त्याचा दंड धरला. नेलीने त्याचे डोळे पाहिले आणि गाडीवाल्याला हाक मारली. उंची डोक्यात चढलीय, आत्ता खाली न्यायचं, एवढंच ती म्हणाली.

दवाखाना शहरातच होता. नाकावर ऑक्सिजनचा मास्क लावल्यावर थोड्या वेळाने अरुणने ईशानीला नावाने हाक मारली, तेव्हा ती रडू लागली. डॉक्टर वयस्क होता, स्पॅनिश बोलायचा, नेली इंग्रजीत सांगायची. त्याचं म्हणणं असं की मेंदूला सूज येऊ लागली आहे, औषध दिलंय, पण खरं औषध म्हणजे उंचीवरून उतरणं. रस्ते दोन होते. रात्रभर इथेच ऑक्सिजनवर ठेवायचं आणि उद्या सकाळी जागा मिळाली तर विमानाने समुद्रकाठी लिमाला जायचं. किंवा आजच गाडीने खालच्या खोऱ्यात उतरायचं. पण खोऱ्याकडे जाणारा रस्ता आधी चिंचेरोच्या पठारावर चढतो, कुस्कोहूनही वर, आणि मगच उतरतो.

शारजात असे निर्णय अरुण घेई. व्हिसा, बँक, घरमालक, ईशानीची शाळा, सगळं तोच बघे. पासपोर्टसुद्धा त्याच्या कमरेच्या पाऊचमध्ये असत आणि त्या दुपारी छायाने ते पाऊच पहिल्यांदा स्वतः सोडवून घेतलं. अरुण मास्क बाजूला करून म्हणत होता की मला काही झालेलं नाही, परवा माचू पिचूचं बुकिंग आहे, ते सोडायचं नाही. छायाने मास्क पुन्हा जागेवर बसवला. मग ती डॉक्टरकडे वळली आणि आपल्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारलं, तुमचा सख्खा भाऊ इथे निजला असता तर तुम्ही काय केलं असतं.

नेलीने ते स्पॅनिशमध्ये सांगितलं. डॉक्टर म्हणाला, आजच उतरवला असता, सिलिंडर आणि नर्स बरोबर देऊन.

"मग आजच," छाया म्हणाली.

ती वाट तिला फारशी आठवत नाही. चिंचेरोच्या पठारावर बर्फाचे डोंगर अगदी हाताशी आले होते असं ईशानी नंतर सांगे, पण छायाची नजर सिलिंडरच्या काट्यावर आणि अरुणच्या ओठांवर होती. ओठ जांभळे पडले की नर्स नळी सारखी करायची. आपण चुकलो तर, हा विचार तिच्या मनात आला. तो तिने कोणाला बोलून दाखवला नाही, त्याचा काही उपयोग नव्हता. मग गाडी उतरणीला लागली. वळणामागून वळणं गेली, खाली नदी आणि मक्याची शेतं दिसू लागली, आणि अरुण म्हणाला की मला भूक लागली आहे.

खोऱ्यातल्या ओयान्तायताम्बो नावाच्या गावात एका घरी खोली घेऊन ते उतरले. नर्सने रात्रभर थांबून सकाळी नाडी पाहिली आणि ती परत गेली. तिथल्या डॉक्टरने तपासून सांगितलं की धोका टळला, पण काही दिवस चढउतार बंद. अरुण अंगणातल्या खुर्चीत पांघरूण घेऊन बसू लागला. घरमालकीण उकडलेलं मक्याचं कणीस आणि ताजं चीज आणून द्यायची, ते तो मुकाट खाई. गल्लीतून दगडी पाटाचं पाणी वाहत होतं. तो पाट इंकांच्या काळापासून तसाच चालू आहे, असं घरमालकीण सांगायची.

दुसऱ्या दिवशी ईशानी आत झोपली असताना छायाने विचारलं, "डोकं केव्हापासून दुखत होतं?"

"विमानातून उतरलो तेव्हापासून. पहिल्या रात्री दोनदा उलटीही झाली."

"आणि मला सांगितलं नाही."

"तू घरचं लग्न सोडून आली होतीस," अरुण म्हणाला. "आणि मी पहिल्याच दिवशी अंथरूण धरलं असतं. कोणत्या तोंडाने सांगणार होतो?"

"मी बोलले असते. पुष्कळ बोलले असते," छाया म्हणाली. "ते ऐकून घ्यायचं होतं तुम्ही. काल त्या पठारावर मी काय काय मनात आणलं, ते तुम्हाला कधी कळायचं नाही."

त्याने तिचा हात धरला. संध्याकाळी अरुण म्हणाला की माचू पिचूची आगगाडी याच गावातून सुटते, नेली येणारच आहे, तुम्ही दोघी जाऊन या. ती नको म्हणेल अशी त्याची खात्री असावी. छायाने घरमालकिणीला विचारलं, दुपारचं जेवण आणि औषध बघाल का. तिने होकार दिल्यावर छाया म्हणाली, "बरं. जातो."

माचू पिचूला दोघी सकाळी धुक्यात पोचल्या. धुकं विरलं तसं आधी एक भिंत दिसली, मग पायऱ्या, मग डोंगराच्या खांद्यावर वसलेलं सगळं गाव, छपरं नसलेलं. ईशानी इतका वेळ गप्प राहिलेली छायाने कधी पाहिली नव्हती. मुलीने आपणहून तिचा हात धरला आणि दोघी वरपासून खालपर्यंत सगळं फिरल्या. छायाला तिथले पाणवठे आवडले, एकाखाली एक उतरत गेलेले, एकातलं पाणी दुसऱ्यात पडणारे. एका ठिकाणी तिने ओंजळ धरली. पाणी इतकं गार होतं की बोटं बधिर झाली. ताईला हे दाखवता आलं असतं तर, असं तिला वाटून गेलं, आणि त्यात राग नव्हता हे तिच्या नंतर लक्षात आलं.

परत आल्यावर अरुणने प्रश्नांचा मारा केला. सांधे कसे होते, कोपऱ्यात दगड आतल्या बाजूला कललेले होते का, पावसाचं पाणी कुठे जातं. काही गोष्टी तिने पाहिल्या होत्या आणि सांगितल्या. ज्या पाहिल्या नव्हत्या त्या नाही पाहिल्या म्हणाली. दारं वर निमुळती होत गेलेली आहेत, हे तिने हातांनी करून दाखवलं. एरवी तो तिचं वाक्य अर्ध्यात तोडून दुरुस्त करायचा. त्या दिवशी त्याने शेवटपर्यंत ऐकलं.

सप्टेंबरात अबू धाबीला खलिफा सिटीत राजन आणि मृणालिनीच्या व्हिलात जेवण होतं. राजन अरुणचा जुना दोस्त. जेवणं झाल्यावर त्याने फोटो बघायला घेतले आणि म्हणाला की हं, आता साहेबांचं लेक्चर होऊन जाऊ दे. सगळे अरुणकडे बघू लागले.

"मी एक दगड पाहिला आणि दवाखान्याचं छत पाहिलं," अरुण म्हणाला. "बाकी सगळं हिने पाहिलंय. हिला विचारा."

छाया बोलू लागली. गल्ल्या, चर्च, पठार, पाणवठे. मधे ईशानीने "आई, यू फरगॉट द लामाज" म्हणून आठवण करून दिली, तेव्हा लामांचंही झालं. मृणालिनी चहा करायला उठणार होती, ती तशीच बसून राहिली.

पुढच्या वर्षी राजनने कुस्कोचा बेत ठरवला आणि माहितीसाठी शारजाला फोन केला. फोन अरुणने उचलला आणि छायाच्या हातात दिला. तिने त्याला विमानाचं, थंडीचं, खाण्याचं सगळं नीट सांगितलं. शेवटी म्हणाली, "कुस्कोला उतरलात की तिथे थांबू नका. तसेच गाडीने खाली खोऱ्यात जा, दोन-तीन रात्री राहा, आणि मगच वर शहरात या. आणि मृणालिनीला आत्ताच शब्द देऊन ठेवा, डोकं दुखलं तर तिच्यापासून लपवणार नाही म्हणून."