दुभाषीबाईंचा ‘एस्पांतो’

"थांबा डॉक्टर, इतक्यात लिहू नका," म्हणत दुभाषीबाई खाटेवरच्या म्हाताऱ्या खलाशाकडे वळल्या. छातीत कळ आली तेव्हा काय वाटलं, या प्रश्नाला तो ‘एस्पांतो’ म्हणाला होता. या शब्दावर बाईंचा काडीचाही विश्वास नव्हता. स्पॅनिश माणूस तो उच्चारतो तेव्हा त्याची पाचावर धारण बसलेली असते. पोर्तुगीज माणूस बहुतेकदा नुसता तोंडात बोट घालून बसलेला असतो. इटालियनमधला भाऊ ‘स्पावेंतो’ पुन्हा भीतीच्याच घरचा. खलाशी पोर्तुगीज बोलणारा होता. बाईंनी त्याला खोदून खोदून विचारलं आणि मग डॉक्टरांना म्हणाल्या, "मी घाबरलो नाही. इतकं दुखूनही मी जिवंत कसा, याचं नवल वाटलं."

पेशंटचं बोलणं ‘मी’ म्हणूनच सांगायचं, हा दुभाष्यांचा नियम. ‘ते म्हणतात’ वगैरे मध्ये घुसडायचं नाही. त्या हिशेबाने बाईंना जगातले सगळे आजार होऊन गेले होते. बाळंतपणांचं तर विचारूच नका.

शब्दांवर संशय घ्यायची सवय घरीही सुटत नसे. नवरा हल्ली इस्त्रीचा शर्ट घालून दर मंगळवारी वाचनालयात जायचा. पुस्तकातली खूण मात्र एकाच पानावर ठाण मांडून होती.

"कोण भेटतं हो तिथे?"

"पुस्तकं भेटतात."

या वयात ही थेरं! बाईंच्या तळपायाची आग मस्तकात जाई.

एरवी त्यांचं काम पलीकडे, बाळंतिणींच्या इमारतीत. आज खलाशासाठी त्यांना पहिल्यांदाच छातीच्या विभागात बोलावलं होतं. खोलीबाहेर आल्या, तर बाकावर ओळखीची तपकिरी टोपी. टोपीखाली नवरा.

"तू इथे कशी?"

"आणि तुम्ही वाचनालयात!"

"सांगणारच होतो गं."

"कधी?"

तेवढ्यात नर्सने त्याला आत बोलावलं. दुसरी बाई असती तर बरं झालं असतं, असं दुभाषीबाईंना खरोखर वाटलं. त्याही मागोमाग आत गेल्या.

डॉक्टर तेच. त्यांनी एक्स-रे उजेडासमोर धरला. फुफ्फुसात गाठ होती. ऑपरेशन करावं लागेल, पुढची खात्री आत्ताच देता येत नाही, असं ते म्हणाले. सगळं घरच्याच भाषेत. दुभाषी लागावा असं त्यात काही नव्हतं.

"काही विचारायचंय का, काका?"

नवरा टोपी हातात गोल गोल फिरवत राहिला. बाई सवयीने पुढे सरकून बसल्या.

"मला भीती वाटतेय," त्या म्हणाल्या.

डॉक्टर लिहिता लिहिता थांबले. मघाशी खलाशाच्या वेळी एकदा ठेच लागली होती. "बाई, हे कोणाचं? यांचं की तुमचं?"

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच दुभाषीबाईंना सांगता येईना. नवऱ्याने टोपी हळूच त्यांच्या मांडीवर ठेवली.

"दोघांचं लिहा," तो म्हणाला.