न धुतलेला मॅग्नेट

मी रसायनशास्त्रज्ञ आहे आणि माझा नशिबावर काडीचा विश्वास नाही. नवरा प्रत्येक मुलाखतीला तोच निळा शर्ट न धुता घालून जायचा. एकदा मी तो गरम पाण्यात भिजवून खसाखसा धुऊन काढला. शर्ट आटला, नवरा फुगला, नोकरी दुसऱ्याला मिळाली. मी म्हटलं, "योगायोग."

माझ्या टेबलाच्या खणात मात्र एक मॅग्नेट होता. बोटाच्या पेराएवढा, टेफ्लॉनच्या वेष्टणातला. भांड्यात टाकून खालचं यंत्र सुरू केलं, की गरगर फिरून आतलं मिश्रण ढवळतो. सरांच्या हाताखाली पीएचडीला लागले, त्या पहिल्याच दिवशी त्यांनी तो मला दिला. कधीकाळी पांढरा असावा. तेव्हाच चहाच्या जुन्या कपासारखा काळपट झाला होता. "आधी नीट धुऊन घे," सर म्हणाले. मी वरवर विसळला आणि पहिलाच प्रयोग फत्ते झाला. मग कोण धुतंय! महत्त्वाच्या प्रयोगाला तोच मॅग्नेट. याला अंधश्रद्धा म्हणत नाहीत. सवय म्हणतात.

अकरा वर्षं खपून मी लोखंडाची एक पावडर बनवली. पावडर म्हणजे उत्प्रेरक. दोघांचं लग्न जुळवून स्वतः कोरडा राहणारा मध्यस्थ. मी करायचे त्या रासायनिक क्रियेत आजवर हे काम पॅलेडियम करायचं, सोन्याच्या पंगतीत बसणारा महागडा धातू. माझी पावडर ते जवळजवळ फुकटात करत होती. पेपर छापून आला. सरांचं नाव नसलेला माझा पहिला पेपर! तोवर मी पन्नाशीलाही 'सरांची विद्यार्थिनी'च होते. त्यांना प्रत पाठवताना मान जरा जास्तच ताठ होती, कबूल करते.

मग दुसऱ्या संस्थेतल्या एका बाईंचं पत्र आलं. "तुमची पावडर आमच्याकडे चालत नाही." मी कळवलं, नीट ढवळा. पुन्हा तेच. मी विचारलं, तुमच्याकडे भांडी नीट धुतात ना? चौथ्या पत्रात बाईंनी लिहिलं, येऊन करून दाखवा, नाहीतर आम्हाला हे छापावं लागेल.

नाचता येईना अंगण वाकडं, असं पुटपुटत मी गेले. पर्समध्ये पावडरची बाटली आणि अर्थातच मॅग्नेट. तीन तासांत प्रयोग झाला, नव्वद टक्के उत्पादन! बाईंनी आकडा वहीत टिपून घेतला. त्यांना दोन मोफत सल्ले देऊन मी परत आले.

तिसऱ्या दिवशी त्यांचा फोन.

"मॅडम, तुमचा मॅग्नेट इथेच राहिलाय."

"पाठवून द्या ना."

"देते. पण तो घालून आम्ही पुन्हा प्रयोग केला. झाला."

"बघा! मी म्हणत नव्हते?"

"तुमची पावडर न घालता, मॅडम."

"आणि पावडर घालून?"

"पावडर घातली, की उलट जरा मंदावतो," बाई ओशाळून म्हणाल्या. "आम्ही छापायची घाई करत नाही. तुम्हीच ठरवा."

सरांनी उभं आयुष्य पॅलेडियमवर काम केलं होतं. त्या काळपट डागांत त्यांचंच पॅलेडियम बसलं होतं, आणि अकरा वर्षं तेच राबत होतं. मॅग्नेट परत आल्यावर मी तो तीव्र आम्लात उकळला. पांढराशुभ्र झाला. मग पावडर घालून प्रयोग लावला. एक टक्का नाही, अर्धा नाही, काहीच नाही. मी तिथेच स्टुलावर बसून रडले.

घरी सगळं सांगितलं. नवऱ्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "योगायोग."

मग सरांना फोन केला. त्यांनाही सगळं सांगितलं. पलीकडून खोकल्यासारखं हसू आलं.

"म्हणजे माझं नाव नसलेल्या पेपरात सगळं काम मीच करत होतो?"

"हो, सर."

"धुऊन घे म्हटलं होतं."

"हो, सर."

"रडलीस?"

"हो."

"पण मीही न धुताच दिला होता. पेपर मागे घेण्याच्या पत्रावर माझंही नाव घाल. एकटीने कशाला खातेस शिव्या?"

पण नाव नाही घातलं. ते पत्र दीड पानाचं आहे, खाली फक्त माझी सही आहे, आणि त्यातला धुतलेल्या मॅग्नेटचा प्रयोग कुणीही, कुठेही करून बघावा. दर वेळी तोच निकाल येतो.