अंगठ्याचं नख

धाकटीने पायाने खटका दाबला. शिडीचे चारही पाय झटकन फाकले आणि घट्ट बसले. तिने दोन्ही हात वर करून रंगाऱ्याला दाखवले.

"हाताने काहीच करायचं नाही?" रंगारी शिडीभोवती फिरून बघत होता.

"हात रंगाला ठेवा. बोटं देवाने दहाच दिलीत, ती जपून वापरा."

रंगारी हसला आणि शिडी खांद्यावर टाकून गेला. तो फाटकाबाहेर पडतोय तोच दादा लगबगीने कारखान्यात शिरला. चेहरा पार उतरलेला.

"काका आलेत," तो कुजबुजला. "स्वतः! आता तरी हे खटक्याचं खूळ आवर, बाई. तुझ्या पाया पडतो."

काका म्हणजे नात्याचे कोणी नव्हेत. शिडीच्या धंद्यातलं दुसरं घर त्यांचं. बंदराचा बाजार, स्टेशनाचा, टेकडीवरचा आणि नदीपलीकडचा, चारही ठिकाणी ही दोन घरं समोरासमोर दुकान मांडून बसलेली. परक्याला वाटावं, काय चुरस असेल! कसली चुरस अन् कसलं काय. एकाने एका बाजारात खोडी काढली, तर दुसरा उरलेल्या तिन्ही ठिकाणी त्याचं उट्टं काढणार, हे दोघांनाही पक्कं ठाऊक. म्हणून अळीमिळी गुपचिळी. भाव सारखा, रंग सारखा आणि शिडीही तीच, आजोबांच्या वेळची. तिच्या मधल्या पट्टीचा सांधा अंगठ्याने दाबून बसवावा लागे, आणि मनात आलं की तो अंगठाच धरून ठेवी. गवंडी बघा, रंगारी बघा, वायरमन बघा, ज्याच्या त्याच्या अंगठ्याचं नख काळं. मालकांचंही तेच, कारण गिऱ्हाइकाला शिडी मालकाने स्वतः उघडून दाखवायची, अशी या धंद्याची रीत. धाकटीचे वडील गेले तेव्हाही त्यांचं नख काळंच होतं. ते बघून ती रडली कमी आणि चिडली जास्त.

त्या चिडीतूनच हा खटका जन्माला आला. दादाने कपाळाला हात लावला. "सुखाचा जीव दुःखात कशाला घालतेस? काका चारही बाजारांत भाव पाडतील, आपलं दिवाळं निघेल." शेवटी एकट्या स्टेशनाच्या बाजारात खटक्याची शिडी ठेवायची, असं ठरलं. बंदरात दादा जुनीच उघडून दाखवत राहिला. आणि धाकटीला शब्द द्यावा लागला, की काकांनी एकदा जरी डोळे वटारले तर खटका बंद. पुन्हा कारखान्यात काही नवं करण्याचं नावसुद्धा काढायचं नाही.

उन्हाळा सरला, थंडी आली, तरी काकांकडून चकार शब्द नव्हता. दादाची झोप त्या गप्प बसण्यानेच उडाली होती. आणि आज ते दारात उभे.

काकांनी खुर्ची ओढून घेतली. देह मोठा, आवाज त्याहून मोठा. डावा हात मात्र कोटाच्या खिशात.

"पोरी, तुझ्या बापाने आणि मी कधी कागदावर एक अक्षर लिहिलं नाही. तरी जन्मभर एकमेकांच्या वाटेला गेलो नाही. तू हे काय मांडलंयस?"

"शिडीच मांडलीय, काका."

"उचल मग. जुनी शिडी, जुना भाव, झालं गेलं विसरून जाऊ. नाहीतर सोमवारपासून चारही बाजारांत माझे भाव निम्मे."

दादाच्या तोंडचं पाणी पळालं. "काका, आमचं म्हणणं तसं नव्हतंच. आम्ही आजच्या आज—"

धाकटीला आपण दिलेला शब्द आठवला. हातांना काहीतरी काम हवं म्हणून तिने चहाची कपबशी काकांपुढे धरली. त्यांनी उजव्या हाताने कप घेतला, तर बशी धरायला डावा हात खिशातून काढावाच लागला.

तिची नजर अंगठ्यावर गेली आणि तिथेच थांबली. नख मुळापासून पार वरपर्यंत गुलाबी होतं. टोकाला तेवढी काळी रेघ उरलेली, कापायची राहून गेल्यासारखी.

"काका, हल्ली दुकानात शिडी कोण उघडून दाखवतं?"

"पुतण्या. का?"

"आणि तुम्ही?"

"मी मागे असतो. शंभर कामं असतात."

"कामं करा," धाकटी म्हणाली, "पण रीत मोडून मालक मागे रमतो, तो नव्या शिडीपायीच. ती बाजारात कधी येतेय, तेवढं सांगा."

काकांनी स्वतःच्या अंगठ्याकडे पाहिलं. मग तिच्याकडे. बशी खाली ठेवली आणि असे गडगडून हसले, की आतले कारागीर माना काढून बघायला लागले.

"काय नजर आहे गं कार्टीची! अजून थोडी कसर राहिलीय त्या शिडीत. म्हटलं, तेवढे दिवस तुला थोपवून धरावं."

"आणि निम्मे भाव?"

"छे! आहे त्या भावात माझं नवं काम पैशापायी अर्धवट लटकलंय, निम्म्यात काय करू?" ते उठले. "तुझी एक आणवून खोलून बघितली. उघडते झकास. पण मिटायला दोन हात लागतात. माझी एका हातात मिटते."

खरं होतं ते. धाकटीला राग यायला हवा होता, पण आनंद असा दाटून आला की तिला हसू आवरेना.

"कुठल्या बाजारात आणताय?"

"चारही."

"मग भेटूच, काका. चारही ठिकाणी."

फाटकाशी ते थांबले. "तुझा बाप असता तर घाबरला असता," ते म्हणाले. "मीही घाबरलोच होतो म्हणा. पण पोरी, म्हातारपणी प्रथमच सकाळी कारखान्यात जायची घाई होते."

ते गेले. दादा तिथेच उभा होता, आपला अंगठा डोळ्यांसमोर धरून. नख कोळशासारखं काळं. पुढे होऊन त्याने भिंतीशी ठेवलेल्या एका शिडीच्या खटक्यावर बिचकत पाय ठेवला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच. शिडी झटकन उभी राहिली.

"अरेच्चा!" तो म्हणाला. त्याने ती मिटली आणि पुन्हा उघडली.

धाकटी मात्र दुसऱ्या शिडीचे स्क्रू काढायलाही लागली होती. एका हातात मिटायची म्हणजे पट्टी जरा खाली घ्यावी लागणार.

"टेंपो बोलावतो," दादा म्हणाला. "बंदरात किती पाठवू?"

"तुला वाटतील तेवढ्या. आणि टेकडीवर?"

"टेकडीवर आधी," दादा बाह्या सारत म्हणाला. "म्हातारा तिथे पोचायच्या आत."