न मोजलेलं फडकं

खोटं कशाला बोलू, साडूने नवी गाडी घेतली त्या दिवशी मला ताप आला होता. बायको म्हणाली, हवा बदलली म्हणून. हवाबिवा काही बदलली नव्हती.

बावीस वर्षं मी गाड्या दुरुस्त करतोय. स्वतःचं गॅरेज आहे. आणि हा माझा साडू, बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा, एसीत बसून विम्याचे कागद इकडचे तिकडे करणारा माणूस. पंक्चर झालेलं चाक बदलायचं म्हटलं तरी याला घाम फुटतो. तो गाडी घेतो आणि मला विचारतसुद्धा नाही! गेला थेट शोरूममध्ये आणि घेऊन आला पांढरीशुभ्र. माझी गाडी चौदा वर्षांची. ठणठणीत आहे, पण ठणठणीत म्हाताऱ्याला बघायला कोण येतंय?

आठ महिने झाले त्या गोष्टीला, पण माझा जळफळाट काही कमी होईना. त्यात सासूबाईंनी कळस केला. त्यांची थोरली बहीण घाटापलीकडे, चार तासांवरच्या गावी असते, अंथरुणाला खिळलेली. तिला भेटायला रविवारी माझ्या गाडीने जायचं, हे महिनाभर आधी ठरलं होतं. मी गाडीचं तेल बदललं, सीटवर नवी कव्हरं घातली. आणि बुधवारी सासूबाई म्हणतात, "जावईबापू, राग मानू नका, पण धाकट्याच्या गाडीत पाठ दुखत नाही हो."

"छे छे, राग कसला," मी म्हणालो. आणि त्या दिवशी गॅरेजात दोन गिऱ्हाइकांशी भांडलो.

सासूबाई आधीच आमच्याकडे आल्या होत्या. शनिवारी दुपारी साडू आणि मेहुणी आली. रात्री राहून सकाळी सगळ्यांनी निघायचं. गाडी दारात थांबते न थांबते तोच मेहुणी नाकाला रुमाल लावून उतरली.

"भाऊजी, बघा ना हो! गुरुवारपासून गाडीत जळका वास येतोय."

आता माझ्या मनात काय झालं ते सांगतो. लाज वाटते, पण सांगतो. मला आनंद झाला. खराखुरा, पोट भरल्यासारखा.

"नवी गाडी ना?" मी म्हणालो. "नव्या गाडीला कसा येईल वास?"

मग काय, सगळेच मेकॅनिक झाले. मेहुणी म्हणाली, उंदरानं वायर कुरतडली असेल. बायको म्हणाली, काहीतरी प्लास्टिक चिकटलं असेल खाली. सासूबाई म्हणाल्या, "कुणाची तरी दृष्ट लागली, दुसरं काय!" मी उगाचच खोकलो.

"दादा, तुम्हीच बघा," साडू म्हणाला. "तुमचं नाक म्हणजे नाक आहे."

ते खरंच आहे. लोक गाडी घेऊन येतात आणि मी बोनेट उघडायच्या आधी रोग सांगतो. ब्रेक चिकटले असतील तर तापल्या तव्यासारखा कोरडा वास येतो. क्लच घासला तर जळका कागद. तेल गळून धुराच्या गरम पाइपवर पडत असेल तर वास घशात बसतो आणि वायर जळत असेल तर नाकात झिणझिण्या येतात. रस्त्यावरची पिशवी खाली चिकटली तर ते शेजाऱ्यालाही कळतं. कोरी गाडी असेल तर नव्या पाइपवरचा लेप तापून वास येतो, पण तो पहिल्या काही दिवसांत, आठ महिन्यांनी नाही.

मी वाकलो आणि एक श्वास घेतला. कापड. ऑइलमध्ये भिजलेलं सुती कापड.

माझ्या पायाखालची जमीनच सरकली. गेल्या रविवारी हे दोघं आले होते तेव्हा मीच हट्टानं ते बोनेट उघडलं होतं. शोरूमवाले सर्व्हिसिंगच्या नावाखाली कसे फसवतात, ते सगळ्यांना दाखवायचं होतं ना मला! हे सैल ठेवलंय, ते पुसलंच नाहीये, असं अर्धा तास भाषण ठोकलं. आमच्या धंद्यात एक नियम आहे. बोनेट लावायच्या आधी फडकी मोजायची. जितकी हातात घेतली तितकी परत आली पाहिजेत. माझ्या हाताखाली जो जो शिकला, त्याला मी पहिल्या दिवशी हेच शिकवलं. आणि त्या रविवारी मी बोलण्याच्या नादात मोजलीच नाहीत. एखादं आत राहिलं असणार आणि घसरत घसरत गुरुवारी गरम पाइपवर पोचलं असणार.

सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते.

"क्लच," मी म्हणालो. "क्लचवरनं पाय काढत नाही हा. आठ महिन्यांत वाट लावली गाडीची."

"मी सांगत होते!" मेहुणी नवऱ्यावर उसळली. "शंभरदा सांगितलं, नीट शिकून घे आधी!"

साडूनं माझ्याकडे पाहिलं, जरा जास्तच वेळ पाहिलं. मग मान खाली घालून म्हणाला, "असेल. दादा म्हणतात तर असेलच."

"मग उद्याचं कसं?" सासूबाईंनी विचारलं.

"माझी गाडी आहे की," मी म्हणालो. "म्हातारी आहे, पण दगा नाही द्यायची."

रात्री जेवताना मेहुणी त्याला टोचून बोलतच होती, आणि मी दोन घास जास्त जेवलो. तरी फडकं डोक्यातून जाईना. जेवण झाल्यावर सगळी आडवी झाली, तसा मी त्याच्या गाडीची किल्ली घेऊन हळूच बाहेर आलो. फडकं काढायचं, कचऱ्यात टाकायचं, मामला खलास.

बोनेट उघडलं, बॅटरी मारली. फडकं नव्हतंच! गरम पाइपवरच्या पत्र्याला काळा डाग होता आणि शेजारच्या वायरचं वेष्टन बोटभर वितळलं होतं.

"हे शोधताय का, दादा?"

साडू मागे उभा होता. हातात पिशवी, आणि पिशवीत अर्धं जळलेलं फडकं. उरलेल्या अर्ध्यावर निळी फुलं होती. आमच्या जुन्या चादरीची. बायको चादरी फाडून मला फडकी करून देते. घरातल्या कुणीही ओळखलं असतं.

"सकाळी निघताना दिसलं," तो म्हणाला. "काढून ठेवलं. वास राहिला म्हणून तुम्हाला दाखवायचं होतं, पण एकट्याला. सगळ्यांसमोर कशाला?"

म्हणजे मी क्लच म्हणालो तेव्हा याला सगळं माहीत होतं. तरी त्यानं बायकोची बोलणी निमूट खाल्ली.

"तुमची गाडी न्यायची तर तुमची नेऊ," तो म्हणाला. "फक्त ही आता बरी आहे ना, तेवढं खरं सांगा. आईंना बसवायचंय म्हणून विचारतो."

ओरडला असता, माझी कॉलर धरली असती, तर बरं झालं असतं. त्याच्या गाडीचा मला जेवढा हेवा वाटला नव्हता, तेवढा त्याचा त्या घडीला वाटला.

मी वायर तपासली, वेष्टन बदललं, इंजिन अर्धा तास चालू ठेवून वास घेतला. मग हात धुऊन तडक घरात गेलो आणि सगळ्यांना उठवून सांगून टाकलं. फडकं माझं, चूक माझी, यानं ते सकाळीच काढून ठेवलं होतं, क्लच ठणठणीत आहे, उद्या नव्या गाडीतच जा.

मग मेहुणी नवऱ्याकडे वळली. "तुला माहीत होतं? आणि तू गप्प बसून माझं ऐकून घेतलंस?" तिचे डोळे भरून आले. सासूबाईंनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. "असा जावई मिळायला भाग्य लागतं," त्या म्हणाल्या. माझी बायकोसुद्धा त्याच्याकडेच बघत होती.

मला कुणी रागावलं नाही. रागवावं इतकीही कुणाला माझी आठवण झाली नाही.

तेवढ्यात साडूच म्हणाला, "दादा, उद्या गाडी तुम्ही चालवाल का? घाटात मला भीती वाटते."

आता सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला जायचं होतं हो. ती गाडी मला एकदा तरी घाटात चालवून बघायची होती. पण हो म्हटलं असतं, तर तोही त्याचाच मोठेपणा ठरला असता.

"जमणार नाही," मी म्हणालो.

सकाळी साडेसहाला सगळे निघाले. बायको मागे बसली. तिनं माझ्या बाजूची काच वर केली. सासूबाईंनी आपली काच खाली करून विचारलं, "जावईबापू, चला ना! जागा आहे."

"गॅरेजात काम आहे," मी म्हणालो.

रविवारी माझं गॅरेज बंद असतं, हे त्यांनाही माहीत होतं.