दगडफुलासाठी लेन्स

पुलाच्या विटांवर वाढणाऱ्या नारिंगी दगडफुलाच्या अंगावर बारीक वाट्या असतात. एका वाटीचा व्यास साधारण दीड मिलिमीटर. तिची कड आतल्या तबकडीपेक्षा किंचित फिकट असते आणि पाऊस पडून गेला की फुगते. हे मला भिंगातून दिसतं. फोनच्या फोटोत फक्त नारिंगी डाग येतो.

पहिल्या लॉकडाऊनमध्ये उइटहॉर्न या डच गावातल्या आमच्या घरापासून त्या पुलापर्यंत चालणं, एवढंच बाहेर पडणं उरलं होतं. नवऱ्याचं, रणजितचं, शहरातल्या स्लोटरडाइक भागातलं ऑफिस जेवणाच्या टेबलावर आलं होतं. लग्नाआधी मी पुण्यात दगडफुलांवरच संशोधन करत होते. इथे आल्यापासून त्याबद्दल मला कुणी एक प्रश्न विचारला नव्हता. त्या पुलावर उकिडवी बसले तेव्हा कितीतरी वर्षांनी मला माझं काम सापडलं: त्याच वाट्यांचे फोटो, दर महिन्याला, वर्षभर. त्यासाठी काय लागेल तेही मी वाचून काढलं. साधी, वापरलेली डीएसएलआर कॅमेऱ्याची बॉडी चालेल. लेन्स मात्र शंभर मिलिमीटरची मॅक्रोच हवी. जवळ जाता आलं पाहिजे, आणि वाटी जेवढी आहे तेवढीच सेन्सरवर उमटली पाहिजे.

मे महिन्यात मी हे रणजितला सांगितलं.

"घेऊ की," तो म्हणाला. "फक्त थांब, शिरीषला विचारतो."

शिरीष त्याचा ऑफिसातला मित्र. त्याच्याकडे तीन कॅमेरे आहेत आणि दर वसंतात ट्युलिपच्या शेतांचे तेच फोटो. त्याने विषय आमच्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर टाकला. तिथे गादी, गाडी, मुलांची शाळा, सगळं असंच ठरतं. एकाने गणपतीच्या कार्यक्रमाचा विचार करायला सांगितलं. दुसऱ्याने पक्ष्यांचा, तिसऱ्याने स्वित्झर्लंडचा. दगडफुलाचं नाव कुणी काढलं नाही. मी ते काढलं, तेव्हा हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग आली आणि खाली शिरीषचा प्रश्न: "वहिनी, मसाला करायचाय की फोटो काढायचेत?"

राग आला की माझा आवाज खाली जातो, आणि ग्रुपवर तर तो निघतच नाही.

रणजितने त्याच्या प्रोजेक्टसारखं हेही चालवलं. जेवताना विचारायचा, "तुझी रिक्वायरमेंट नेमकी काय?" मी सांगायचे. तो मान हलवायचा आणि पुढच्या आठवड्यात तेच विचारायचा. पावसाळी ऑक्टोबर गेला. वाट्या फुगल्या, सुकल्या. नोव्हेंबरात पालिकेच्या माणसांनी पुलाची एक बाजू घासून स्वच्छ केली. तिथली दगडफुलं गेली, आणि माझ्याकडे त्यांचा एक धड फोटो नव्हता. त्या दिवशी मी रणजितशी बोलले नाही. त्याच्या ते लक्षात आलं नाही.

फेब्रुवारीत माझा वाढदिवस आला. दुकानं बंद, घरी पाहुणे बोलवायला बंदी, म्हणून व्हिडिओ कॉल. लॅपटॉपवर तीन कुटुंबं, टेबलावर केक. केक कापून झाल्यावर रणजितने मोठं खोकं पुढे सरकवलं.

"उघड," तो म्हणाला. "सरप्राइज!"

आत कोरी बॉडी होती आणि अठरा ते तीनशेची झूम लेन्स.

"सगळ्यांचं एकमत झालं," रणजित म्हणाला. "एकाच लेन्समध्ये सगळं. परत बदलायची कटकट नाही."

"मंजूषा, नशीबवान आहेस गं," शिरीषची बायको शर्मिला म्हणाली. "आमच्याकडे कॅमेरा आला की साहेबांचाच असतो."

"काढा वहिनी पहिला फोटो!" शिरीष ओरडला. "केकचा नको, आमचा काढा. स्क्रीनवर तरी आम्ही बरे दिसतोय."

सगळे हसले. मी उठले, फळीवरून दगडफुलाची बरणी काढली आणि एक करडा तुकडा केकशेजारी ठेवला. लेन्स पूर्ण लांब केली. जवळ नेली. ती घरघरली, पुढे गेली, मागे आली, थांबली. करडा डाग.

"अगं, मागे सर ना," रणजित म्हणाला. "फोकस होईल."

मी मागे सरले. तुकडा स्पष्ट झाला. चौकटीच्या मधोमध, नखाएवढा. बाकी सगळा टेबलक्लॉथ.

"आलं की!" रणजित म्हणाला. "नंतर क्रॉप करायचं."

"क्रॉप केल्यावर कड दिसणार नाही."

"कसली कड?"

मे महिन्यापासून मी त्याला कसली कड ते सांगत होते. मी कॅमेरा खाली ठेवला. लेन्सला झाकण लावलं, ती काढली, पुन्हा तिच्या पिशवीत घातली. लॅपटॉपवरचं हसणं कमी होत गेलं.

"मंजू, सगळे बघतायत," रणजित हळू आवाजात म्हणाला.

"बघू देत."

"आवडली नाही का वहिनी?" शिरीषने विचारलं. "कित्येक महिने रिसर्च केलाय आम्ही."

"मला कुणी विचारलं असतं तर कळलं असतं, तो मी मेमध्येच संपवला होता."

"विचारलं नाही?" रणजितचा आवाज चढला. "दर आठवड्याला विचारत होतो!"

"विचारत होतास. ऐकत नव्हतास. पुलाची ती बाजू आता कोरी आहे रणजित. तिथे पुन्हा काही उगवायला वर्षं लागतील."

"भिंतीवरच्या बुरशीसाठी एवढा तमाशा? आज?"

मी खोक्याचं झाकण बंद केलं. लायडनच्या एका निवृत्त शिक्षिकेकडे माझी लेन्स विकायला होती, बॉडीसकट. तिची जाहिरात मी किती दिवस उघडून बंद करत होते. माझा आवाज खाली गेला नाही.

"हे खोकं परत जाणार आहे," मी म्हणाले. "आणि उद्या सकाळी मी लायडनला जाऊन मॅक्रो लेन्स घेऊन येणार आहे. एकटी."