पट्ट्या का उघडत नाहीत

शाळेतून आल्यापासून दृश्या ओसरीवर बाटली मांडून बसली होती, आणि काथ्याच्या रहाटापाशी उभी असलेली तिची आई लीलामणी हात थांबवून तिच्याकडे बघत होती. लिंबाच्या लोणच्याची रिकामी काचेची बाटली, प्लास्टिकच्या झाकणातून आत सोडलेली तांब्याची तार, तारेच्या खालच्या टोकाला चंदेरी वर्खाच्या दोन अरुंद पट्ट्या. केसांवर घासलेली फणी तारेच्या वरच्या टोकाला लावली, की फणीतली वीज खाली उतरून पट्ट्या एकमेकींपासून दूर व्हायला हव्यात. त्या हलतसुद्धा नव्हत्या.

"वर्गातही असंच झालं," दृश्या म्हणाली. "सगळ्यांसमोर. रेम्या म्हणते, तुझी वीज गावातल्या विजेसारखीच, ढग आले की गायब."

"मग तू काय म्हणालीस?"

"काय म्हणणार? खरंच ढग आले होते."

उपजिल्ह्याच्या विज्ञान मेळ्यासाठी आठवीतून एकच प्रयोग जाणार होता. ग्रेसी टीचरांना उद्या दहापर्यंत नाव कळवायचं होतं. दृश्याच्या पट्ट्या उघडल्या नाहीत, तर रेम्याचा पाणी गाळायचा प्रयोग जाणार.

"काय काय बदलून पाहिलंस?" लीलामणीने विचारलं. रहाटावर सूत तुटायला लागलं की तीही असंच एकेक तपासायची. आधी काथ्या, मग चाक, मग स्वतःचा हात.

दृश्याने वही पुढे केली. तार बदलली, पट्ट्या बदलल्या, फणी बदलली. प्रत्येकापुढे 'नाही' लिहिलं होतं.

"पालघाटला मावशीकडे कशा उघडल्या होत्या गं अम्मे! फणी तारेपासून लांब धरली होती तरी."

"तिथे हवा कोरडी."

"ते लिहिलंय मी."

लीलामणी खाली बसली. तिला ती सुट्टी आठवली. पोरीला तिथे कांजिण्या निघाल्या होत्या आणि पंधरा दिवस तिच्या डोक्याला हात लावता आला नव्हता. आंघोळ नाही, तेल नाही. परत आल्यावर राठ, भुरे केस बघून लीलामणीने आधी तेलाचीच वाटी पुढे ओढली होती. मिरे आणि तुळस घालून कढवलेलं खोबरेल आंघोळीआधी रोज त्या डोक्यात चोळायचा तिचा नेम. वरून कितीही पाणी ओतलं तरी थोडं तेल केसांना धरून राहायचंच.

"तिथे तुझ्या डोक्याला तेल नव्हतं," ती हळूच म्हणाली.

दृश्याने आईकडे पाहिलं, मग फणीकडे. फणीच्या दातांवर बोट फिरवून तिने ते उजेडात धरलं. बोट चकाकत होतं.

"अम्मे, मी आत्ता केस धुते."

"आणि उद्या तशीच शाळेत जाणार? पिंजारलेल्या डोक्याने?"

"एक दिवस तर!"

"नाही म्हटलं ना." आवाज चढला तसा लीलामणीने तो खाली आणला. सातवीत आई गेल्यावर, तेल लावायला कोणी नसताना, ती स्वतः तशा डोक्याने शाळेत गेली होती. कोणी काही बोललं नव्हतं. नुसतं बघायचे. "तुझं नको. माझं धुते."

तिने साबणाने दोनदा केस धुतले. परतीच्या पावसाचे दिवस, वाऱ्यावर काहीच वाळत नव्हतं. मग तिने मातीच्या परळात करवंटीचे निखारे घेतले, त्यावर धुपाची चिमूट टाकली आणि पाठमोरी बसून केस त्यावर पसरले. कुंपणापलीकडून कुंजम्माने लगेच मान उंचावली.

"काय गं लीले, परत बाळंत झालीस की काय? आम्हाला कळवलंसुद्धा नाहीस!"

"झाले. बाटलीएवढं आहे. येऊन बघून जा."

केस वाळले तशी दृश्या साबणाने धुतलेली फणी घेऊन मागे बसली. दहा-बारा वेळा फणी फिरली, केसांतून बारीक तडतड ऐकू आली. फणी तारेला टेकताच पट्ट्या फटकन उघडल्या. दृश्या ओरडलीच. पण फणी बाजूला घेईपर्यंत त्या पुन्हा मिटल्या होत्या.

"राहायला हव्यात ना?" लीलामणीने विचारलं.

"हो. वीज कुठूनतरी निसटतेय." दृश्याने तार निरखली, बाटली आडवी धरून पाहिली. "धुतली तर होती मी."

लीलामणीने झाकण काढलं, तार जिथून जाते तिथली आतली कड जिभेला लावली आणि तोंड वाकडं केलं. "खारट आहे."

"मीठ हवेतलं पाणी ओढतं," दृश्या भराभर बोलू लागली. "ओल धरली की वीज त्यावरून जाते. तारेतून झाकणावर, झाकणावरून बाहेर."

झाकण उकळत्या पाण्याने तीनदा धुतलं, बाटलीही. दोन्ही निखाऱ्यांजवळ वाळवली. तारेभोवती मेणबत्तीचं मेण ओतलं. या वेळी पट्ट्या उघडल्या, आणि दृश्याने तीसपर्यंत मोजलं तरी उघड्याच होत्या.

सकाळी पाऊस होता. लीलामणी केस कोरड्या पंच्यात गुंडाळून, छत्रीखाली जपत शाळेत गेली आणि आठवीच्या बाकावर अवघडून बसली. रेम्यासकट सगळा वर्ग बघत होता. दृश्याने पंचा सोडला आणि आईच्या केसांतून फणी फिरवायला सुरुवात केली. एरवी फणी आईच्या हातात असायची.

पट्ट्या उघडल्या. कालइतक्या नाही, पण मागच्या बाकावरून दिसतील एवढ्या. दृश्या मोजू लागली. नवावर त्या मिटल्या.

"का मिटल्या?" ग्रेसी टीचरांनी विचारलं.

"हवेत पाणी आहे, टीचर. बाटली दप्तरातून आणताना झाकणाने ओल धरली. काल तीस मोजले होते." तिने वही उघडून दिली. तार, पट्ट्या, फणी, तेल, मीठ. प्रत्येक बदलापुढे काय झालं ते लिहिलं होतं. शेवटच्या दोनपुढे 'अम्माने शोधलं'.

टीचरांनी पानं सावकाश वाचली, मग यादीत नाव लिहिलं. "मेळ्याला निखारे नेता येणार नाहीत. बाटली वाळवायला दिवा न्या. आणि केस कोणाचे, अम्मा येणार का?"

"माझे," दृश्या पटकन म्हणाली आणि आईकडे वळली. "अम्मे, माझेच."

लीलामणी केसांची गाठ मारत होती. तिने ती नीट बसवली.

"आदल्या दिवशी धुऊन देईन," ती म्हणाली. "पण वाळवणार मीच. तू घाई करतेस, मुळाशी ओल राहते."