लान-मोई तीनच म्हणायची

लान-मोईला जमिनीवरून उठता येत नव्हतं. बाकी सगळं येत होतं. कोंबड्या हाकलता येत होत्या, मुळ्याचं लोणचं घालता येत होतं, कुंपणावरून शेजारच्या छिन-मोईशी भांडता येत होतं. पण गेल्या हिवाळ्याच्या तोंडाशी ती स्वयंपाकघरात घसरली, खुब्याशी मांडीचं हाड मोडलं, डॉक्टरांनी आत लोखंडी खिळा घातला, आणि तेव्हापासून जमीन तिला विहिरीसारखी झाली. एकदा आत गेलं की वर यायला दुसऱ्याचा दोर हवा.

हिवाळा सरला, कंदिलांचा सण उलटला आणि सगळं कूळ डोंगरावर कबरी साफ करायला गेलं. लान-मोई खाली गाडीत बसून राहिली. शहात्तर वर्षांत पहिल्यांदाच. परतताना मुलगा, किम-छोंग, स्टिअरिंगवर हात ठेवून म्हणाला, "आई, आता शिन्चू शहरात आमच्याकडे चल. आठवा मजला आहे, पण लिफ्ट आहे."

"आठव्या मजल्यावर कोंबड्या चालतात का?"

"नाही."

"मग मीही नाही चालत."

किम-छोंग हसला नाही. कॉम्प्युटर-चिपांच्या कारखान्यात पाळ्या करून करून त्याचं हसू मुळातच कमी झालं होतं. तो म्हणाला, "मग अट घालतो. उन्हाळ्यात ड्रॅगन-होड्यांच्या सणाला मी येईन. माझ्यासमोर, त्याच स्वयंपाकघरात, फरशीवर आडवी हो आणि उठ. कुणाचा हात नाही, टेबल नाही, खुर्ची नाही. उठलीस तर पुन्हा फ्लॅटचं नाव काढणार नाही. नाही उठलीस तर सामान बांधायचं."

"बांधायचं," लान-मोई म्हणाली. हाक्का लोकांत बाईची मान ताठ असते म्हणतात. ती तशीच ठेवून ती खिडकीबाहेर बघत राहिली. ते घर तिनं आणि तिच्या नवऱ्यानं विटा वाहून बांधलं होतं. मागच्या दाराशी चहाचा उतार सुरू व्हायचा. नवरा गेल्यावरही त्या उतारावरचं धुकं रोज सकाळी दाराशी येऊन बसायचं, घरच्या मांजरासारखं. ते सोडून आठव्या मजल्यावर तिनं काय बघायचं? दुसरा आठवा मजला?

बेइपूच्या बाजारात, खताच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर, रिमुय नावाची बाई म्हाताऱ्यांना वजनं उचलायला शिकवायची. ही वरच्या डोंगरातली, अतायाल जमातीची. एके काळी जिल्ह्याच्या संघातून वजनं उचलायची. खांदे रुंद, आवाज मऊ. लान-मोई एकेका पायरीवर श्वास घेत वर पोचली, तेव्हा रिमुयनं आधी खुर्ची पुढे केली.

"खाल्लं का, आ-फो?" आजीला इथे सगळे आ-फोच म्हणतात.

"खाल्लं, खाल्लं." खाल्लं नव्हतं.

"काय हवंय तुम्हाला?"

"जमिनीवरून उठायचंय. बाकी चेहरा वगैरे आहे तो राहू दे."

कामाला सुरुवात झाली ती खुर्चीवरून. खुर्चीवर तीन उशा. त्यांच्यावर बसायचं आणि हात न टेकता उठायचं. पंधरा दिवसांनी एक उशी गेली. मग दुसरी. मग खुर्ची जाऊन ठेंगणं स्टूल आलं. मग जमिनीवरचा लोखंडी दांडा, दोन्ही टोकांना चकत्या, तो पाठ सरळ ठेवून मांड्यांच्या जोरावर उचलायचा. छिन-मोईनं कुंपणावरून विचारलं, "काय गं, ऑलिंपिकला निघालीस?" लान-मोई म्हणाली, "हो. तुला उचलायचा प्रकार ठेवलाय म्हणे. सराव लागेल."

प्रत्येक वेळी दांडा खाली ठेवला की रिमुय विचारायची, "किती जड वाटलं? एक म्हणजे पिसासारखं, दहा म्हणजे आता मरते. किती?"

"तीन," लान-मोई म्हणायची.

रिमुय चकती वाढवायची.

"आता?"

"तीन."

आता लान-मोईची बाजू समजून घ्यायला हवी. ती ज्या घरांत वाढली तिथे पाहुणी म्हणून गेलं की तीनदा वाढतात आणि तीनदा नको म्हणायचं असतं. भूक नाही, तहान नाही, थंडी वाजत नाही, थकवा नाही, त्रास नाही. आपल्या अंगाचं ओझं दुसऱ्याच्या ताटात वाढायचं नाही. एवढ्या प्रेमानं कुणी विचारतंय, तिला 'आठ' म्हणून कसं दुखवायचं? शिवाय सुट्टीच्या दिवशी सुट्टी घ्यायची ही गोष्ट तिला पटलीच नव्हती. रिमुय म्हणायची, मधले दोन दिवस आराम. लान-मोई मान डोलवायची आणि घरी जाऊन अळवाचे कंद लावायची.

सणाला महिना उरला असताना एका गुरुवारी दांड्यावर पंचवीस किलो होते. तिनं तो उचलला. खाली ठेवताना तिच्या डोळ्यांपुढे आधी पिवळं आलं, मग काळं. शुद्ध आली तेव्हा डोकं रिमुयच्या मांडीवर होतं, दांडा दूर गडगडत गेलेला, आणि खालून खतवाला ओरडत होता, "काय पडलं? कोण पडलं?"

"कोणी नाही!" रिमुय ओरडली. मग खाली बघून म्हणाली, "आ-फो, मागच्या चकतीलाच मी विचारलं होतं. तुम्ही तीन म्हणालात."

"तीनच होतं गं. जरा ऊन लागलं."

"छपराखाली?"

रिमुयनं तिच्या तोंडाला पाणी लावलं. निम्मं गळ्यावर सांडलं. लान-मोईला ते दिसलं आणि पहिल्यांदा वाटलं, आपल्या तीनानं या पोरीला केवढं घाबरवलं.

"खरा आकडा माहीत नसेल तर मी तुम्हाला शिकवू शकत नाही," रिमुय म्हणाली. "पुढच्या वेळी तुमचा खुबा पुन्हा जाईल, आणि तो मी मोडलेला असेल."

"मला नाही येत गं तसं बोलायला. जीभ वळतच नाही."

रिमुयनं उठून खिडकी उघडली. समोर चहाचे उतार होते. "माझी आई पानं खुडायला खाली यायची," ती म्हणाली. "तुमच्या हाक्का बायकांची डोंगरगाणी तिनं आम्हाला शिकवली. ती सांगायची, या टेकडीवरची त्या टेकडीवरचीला गाण्यातून काहीही विचारू शकते. सासू कशी आहे, नवरा मारतो का, पोट भरलं का. आणि उत्तरही गाण्यातच. पण टोपली खाली उतरवली की संपलं. गाण्यातलं घरी न्यायचं नाही."

"न्यायचं नाही," लान-मोई म्हणाली. हा नियम तिला आईच्या दुधाइतका जुना होता.

रिमुयनं घसा साफ केला. वजनं उचलणारीचा गळा, गाणारीचा नव्हे. पण चाल बरोबर होती.

*समोरच्या टेकडीला*
*कोण उभी टोपलीची*
*पानं भरली का धोंडे*
*मान वाकली गं तिची*

लान-मोईला हसूच आलं. मग हसता हसता ओठ हलले. वीस वर्षांत ती गायली नव्हती. आवाज पातळ झाला होता, कडेनं फाटलेला, पण गाणं आत होतं तसंच होतं.

*पानं हलकीच बाई*
*पाय झाले माझे धोंडे*
*हसू ठेविते ओठांत*
*शीण सांगू कुणापुढे*

खतवाला जिन्याच्या तोंडाशी येऊन ऐकत होता. लान-मोई थांबली नाही. एकदा वाट फुटली की पाणी थोडंच विचारून येतं.

*चार तास फरशीला*
*ऐकत राहिले नळ*
*खिशात होता गं लेक*
*कसा मोडू त्याचा वेळ*

रिमुयला कळायला क्षणभर लागलं. "फोन होता?" तिनं हळूच विचारलं. "पडलात तेव्हा फोन खिशात होता?"

लान-मोईनं मान डोलवली. किम-छोंग रात्रपाळी करून झोपला असेल. उठवलं असतं तर आला असता धावत, झोपेत गाडी चालवत. तेवढ्यात कोणी येईलच. छिन-मोई येईल अंडी मागायला. असं करत करत चार तास. नळ टिपकत होता आणि ती ते थेंब मोजत होती.

त्या दिवसापासून दोघींचं गणित बदललं. दांडा खाली आला की रिमुय एक ओळ टाकायची आणि लान-मोई उत्तर गायची. उत्तरात ढग आले तर चकती वाढायची, चिखल आला तर कमी व्हायची. दगड आला की बसायचं आणि पाणी प्यायचं. पहिल्याच दिवशी वजन पंधरावर आलं. लान-मोईला लाज वाटली. पुढे ते पुन्हा चढलं, यावेळी खरं चढलं. कधी कधी ती रिमुयलाच गाण्यात शिव्या द्यायची, लोखंड खाऊन जन्मलेली, दया विकून खांदे घेतलेली, आणि खतवाला खालून शिट्टी मारायचा. सुट्टीच्या दिवशी ती आता ओट्यावर बसायची. बसणं तिला वजनापेक्षा जड जायचं.

आणि सणाला दहा दिवस असताना ती उठली. सतरंजीवर आडवी होती. कुशीवर वळली, कोपरावर आली, मग तळहातावर, मग गुडघ्यावर. एक पाऊल पुढे रोवलं आणि मांडीला म्हटलं, चल. मांडी चालली. उभी राहिल्यावर तिनं इकडे तिकडे पाहिलं, जणू कुणी दुसरंच उठलं होतं. रिमुय तोंड फिरवून चकत्या पुसत बसली.

घरी निघताना रिमुय म्हणाली, "मुलाला फोनचं सांगा."

"ते गाण्यातलं आहे. घरी न्यायचं नाही."

नियमाची आठवण रिमुयनंच करून दिली होती.

सणाच्या दिवशी लान-मोई पहाटे चारला उठली. रिमुयनं बजावलं होतं, आदल्या दिवसापासून पूर्ण आराम. पण मुलगा येणार आणि झोंग नाहीत? चिकट भाताचे ऐंशी तिकोनी पुडे तिनं बांबूच्या पानांत बांधले, आत डुकराचं मांस, वाळका मुळा, वाळकी कोळंबी. उभ्या उभ्या पाच तास. किम-छोंग एकटाच आला. जन्मापासून त्याला टाळूवर दोन भोवरे होते, आता तिथे टक्कल होतं. रिमुय जेवायला बोलावलेली, दाराशी स्टुलावर बसली. बोलायचं नाही या अटीवर.

"आई, आधी जेवूया," किम-छोंग म्हणाला.

"आधी फरशी. पोट भरल्यावर मी झोपेन आणि तू म्हणशील उठता येत नाही."

ती आडवी झाली. फरशी गार होती. किम-छोंग ओट्याला टेकून उभा राहिला, हात पाठीमागे घट्ट बांधून, शाळेतल्यासारखे. लान-मोई कुशीवर वळली. कोपर. तळहात. गुडघा. पाऊल पुढे रोवलं, आणि मांडीला म्हटलं, चल.

मांडी चालली नाही. ती थरथरली, पहाटेचे पाच तास तिच्यात साचले होते. लान-मोईला माहीत होतं, रेटलं तर कदाचित उठू. कदाचित नाही. तीन नव्हे, हे नऊ होतं.

"आई? ठीक आहेस ना?"

"ठी..." शहात्तर वर्षांच्या सवयीनं जीभ अर्ध्या वाटेवर गेली होती. लान-मोईनं ती तिथेच धरली. टोपली पाठीवर नव्हती, समोर टेकडी नव्हती, चाल नव्हती. नुसता स्वयंपाकघरातला दिवस होता आणि चुलीवर रटरटणारं पातेलं.

"नाही," ती म्हणाली. "ठीक नाही. दमले. चारपासून उभी आहे. हात दे."

किम-छोंग हलला नाही.

"बहिरा झालास का? हात दे म्हटलं. गुडघा दुखतोय."

तो आला. ओणवा झाला. तिनं त्याच्या मनगटाला धरलं आणि ती उठली, आणि रिमुयनं गप्प राहायची अट मोडून "काखेत धरू नका, काखेत नको" म्हटलं. लान-मोईला खुर्चीवर बसवून झालं तरी त्यानं हात सोडला नाही.

"हरले," ती म्हणाली. "त्या जिमात उठते मी. या पोरीला विचार. पण आज नाही जमलं, म्हणजे हरले. सामान कुठलं बांधायचं सांग. कोंबड्या छिन-मोईला द्याव्या लागतील. ती कापेल मेली."

किम-छोंग खाली फरशीवर बसला होता. "दवाखान्यात त्यांनी तुझा ॲप्रन पिशवीत घालून माझ्याकडे दिला," तो म्हणाला. "खिशात फोन होता. चालू होता."

लान-मोईनं डोळे मिटले. "तुला तेव्हापासून माहीत आहे?"

"तेव्हापासून. आई, फरशी आमच्याकडेही आहे. पडायची तर तू तिथेही पडशील. तू पडशील आणि मला विचारावं लागेल, आणि तू म्हणशील ठीक आहे... त्याला मी घाबरत होतो. तिकडे निदान डोळ्यांनी दिसली असतीस."

"झोप मोडली असती तुझी."

"माझी झोप!" तो म्हणाला. बावन्न वर्षांचा माणूस, आईच्या गुडघ्याला कपाळ लावून बसला. लान-मोई त्याच्या टकलावर हात फिरवत राहिली. टक्कल गरम होतं, लहानपणी ताप आल्यावर असायचं तसं.

थोड्या वेळानं त्यानं नाक पुसलं. "अट मी घातली होती, चुकीची घातली. काढून घेतो. आता मला सांग, इथं राहायला तुला काय काय लागेल? ठीक आहे म्हणू नकोस."

लान-मोईनं विचार केला. सुरुवात अवघड गेली. "न्हाणीघरात धरायला एक दांडी," ती म्हणाली. तो फोनवर लिहू लागला. "आणि तिथला दिवा. अंधारात दिसत नाही मला, दोन वर्षं झाली."

"दोन वर्षं!"

"लिही तू. नळाचा वॉशर. वरच्या फळीवरची बरणी खाली. मागच्या पायरीचा दगड हलतो. जिमाला न्यायला मंगळवारी कुणीतरी हवं, छिन-मोईचा भाचा स्कूटर फार जोरात चालवतो."

"आ-फो," दाराशी रिमुय म्हणाली, "पाय विसावले असतील. एकदा पुन्हा उठून दाखवायचं का?"

"थांब गं, यादी चाललीये माझी. आणि रविवारी ये."

"रविवारी," किम-छोंगनं लिहिलं. "कुठल्या?"

"सगळ्या."

त्यानं वर पाहिलं.

"वेळ झाला तर, असं नाही हं," लान-मोई म्हणाली. "ये. आणि पातेलं उतरव आता, मला उठवत नाहीये."